संशयापलीकडची भाकरी

डॉक्टरीणबाईंनी मला गहू बंद करायला सांगितला तेव्हा मी चक्क हसलो. त्यांना वाटलं, माणसाला धक्का बसला. त्यांनी पाण्याचा ग्लास पुढे सरकवला. मी म्हटलं, बाई, तुम्ही सोलापूरच्या माणसाला गहू सोडायला सांगताय. आमचा पिंड ज्वारीवर पोसलेला. दात आल्यावर आम्ही पहिल्यांदा चावतो ती कडक भाकरी, आणि दात पडल्यावर दुधात कुस्करून खातो तीही भाकरीच. गहू आमच्याकडे पाहुण्यांसाठी असतो. तो बंद झाला तर पाहुण्यांना वाईट वाटेल, माझं काय जातंय?

बाई हसल्या नाहीत. त्यांनी विचारलं, दुपारी डब्यात काय असतं?

इथे मी जरा अडखळलो. मी एका शाळेच्या कार्यालयात मुख्य लिपिक आहे. साधा लिपिक होतो तोवर डब्यात भाकरी असायची. मुख्य झालो आणि डब्यात चपाती आली. कोणी सांगितलं नव्हतं, पण मुख्य लिपिकाने सगळ्यांसमोर भाकरी मोडत बसावं हे मलाच बरं दिसेना. मग चहाबरोबर टोस्ट, चारला बिस्किटं, कोणाचा वाढदिवस असला की पाव-भाजी. घरी रात्रीची भाकरी, बाकी दिवसभर गहूच गहू. मोठेपण अंगाशी येतं म्हणतात, माझ्या आतड्याशी आलं.

आजाराचं नाव सीलिॲक. बाईंनी समजावलं ते असं: गव्हात ग्लुटेन नावाचा एक चिकट भाग असतो. कणीक ताणली की तुटत नाही, लांबते, ती त्याच्यामुळे. काही माणसांच्या आतड्याला तो सोसत नाही. आतड्याच्या आत मखमलीसारखी लव असते, ती झडून जाते, आणि मग कितीही खाल्लं तरी अंगी लागत नाही. मला दोन वर्षं हेच होत होतं. पोट सदा फुगलेलं, तोंड आलेलं, आणि कार्यालयाचा जिना चढलो की खुर्चीत बसून पाच मिनिटं कोणाशी बोलता यायचं नाही. रक्त नऊवर आलं होतं. तोवर बीट, खजूर, काळे मनुके, गूळ-शेंगदाणे, असं जो भेटेल त्याने सांगितलेलं सगळं खाऊन झालं होतं. आमच्या शिपायाने तर मला लोखंडी कढईत चहा करून प्यायला सांगितलं. तेही मी चार दिवस केलं.

बाईंनी इंग्रजीत छापलेले दोन कागद दिले. काय खायचं, काय नाही, काळजी कशी घ्यायची. मी कागदाचा माणूस. तिथेच बाकावर बसून दोन्ही कागद वाचले, प्रत्येक कलमासमोर समासात छोटी सही केली, घरी आल्यावर दोन भोकं पाडून ते नव्या फायलीत लावले आणि फायलीवर ठळक अक्षरांत लिहिलं: ‘स्वतः – पोट’. मग फाईल कपाटात ठेवली आणि स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून परिपत्रक काढलं. उद्यापासून माझ्यासाठी चपाती बंद, पाव बंद, बिस्कीट बंद, शिरा आणि उपमा बंद.

बायकोने विचारलं, भाकरी?

मी म्हटलं, भाकरी चालू.

ती म्हणाली, मग काय, एवढंच की. आणि फोडणीकडे वळली.

तिच्या तोंडी भाकरीचा प्रश्न येणं यात एक इतिहास आहे. ती अकलूजची. तिकडे पाटाचं पाणी, ऊस, साखर कारखाने. तिच्या माहेरी तिन्ही त्रिकाळ चपाती. लग्न होऊन आली तेव्हा तिला भाकरी येत नव्हती. माझी थोरली बहीण, जिला आम्ही सगळे अक्का म्हणतो, तेव्हा नुकतीच मंद्रूपला नांदायला गेली होती आणि भावाची बायको पारखायला मुद्दाम चार दिवस माहेरी आली होती. बायकोची पहिली वेडीवाकडी भाकरी तव्यावरून उतरली तेव्हा अक्काने ती दोन्ही हातांत धरून सगळ्यांना दाखवली आणि विचारलं, हा कुठला तालुका?

त्या दिवसापासून माझ्या बायकोने भाकरीशी वैर धरलं. दुपारी घर झोपलं की ती मागच्या चुलीपाशी थापत बसायची. मोडलेल्या भाकरी म्हशीला जायच्या. ती म्हैस त्या वर्षी चांगलीच अंगाने भरली. दुसऱ्या वर्षी तिची भाकरी कागदासारखी पातळ झाली, काठाला एक चीर नाही, तव्यावर टाकली की टम्म. कडक भाकरी तर अशी की मोडल्याचा आवाज शेजारी जावा. अक्का पुन्हा आली, तिने दोन भाकरी खाल्ल्या, हात धुतला आणि भरल्या घरात म्हणाली, ही आता आमच्यातली झाली. अक्का कोणाला सहसा चांगलं म्हणत नाही. बायकोला त्या दिवशी अंगावर कोणतं लुगडं होतं तेही अजून आठवतं. आज तीस वर्षं झाली, आमच्या नात्यात कोणाकडे कार्य असलं की भाकरीचा निरोप हिला येतो. मुलगी पुण्याला नोकरी करते, तिच्याकडे महिन्याला कडक भाकरीची चवड जाते आणि तिच्या मैत्रिणी ती दोन दिवसांत फस्त करतात.

तर भाकरी चालू. मी दुसऱ्या दिवसापासून डब्यात भाकरी नेऊ लागलो आणि मुख्य लिपिकपदाला काहीही झालं नाही. उलट मी बोलायला लागलो. भाकरी, शेंगाचटणी, दही, मेथीची भाजी. सकाळी ज्वारीच्या लाह्या, उपासाला भगर, गोड म्हणून राजगिऱ्याचा लाडू. मी लोकांना सांगायचो, बघा, पुण्यामुंबईचे लोक यासाठी दुकानं हिंडतात, आणि आपल्याकडे हे सगळं ताटात पडलेलं आहे. मुलीने पुण्याहून खास ‘ग्लुटेन-फ्री’ बिस्किटांचा पुडा पाठवला होता. खाताना पुठ्ठा चावल्यासारखं वाटलं. मी तो कार्यालयात ठेवून दिला आणि व्याख्यानात नमुना म्हणून दाखवायला लागलो. कोणी आजारी पडलं की मी त्याच्या टेबलाशी जाऊन तू काय खातोस असं विचारायचो. लोक मला येताना पाहून फोन कानाला लावायचे.

मधे चार दिवस हवापालटाला अक्काकडे मंद्रूपलाही राहून आलो. तिथेही भाकरीच. अगदी निर्धास्त.

पहिले दोन महिने बरं वाटलं. पोट उतरलं. मग तिथेच अडलं. थकवा जाईना, तोंड पुन्हा आलं, आणि सहा महिन्यांनी रक्त तपासलं तर जेमतेम साडेनऊ. दुसरा एक आकडा, जो खाली यायला हवा होता, तोही वरच. बाईंनी कागद दोनदा पाहिला आणि म्हणाल्या, तुमच्या पोटात गहू जातोय.

मी म्हटलं, शक्य नाही.

बाई शांतपणे म्हणाल्या, मग दुसरं काही असेल. क्वचित कोणाचं आतडं गहू सोडूनही सुधारत नाही, त्यात काही वेळा आणखी गंभीर दुखणं निघतं. तीन महिने देते. गहू कुठून जातोय ते शोधा. रक्त वाढलं नाही तर पुण्याला मोठ्या तपासण्या कराव्या लागतील.

त्या ‘गंभीर’चं नाव त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. रिक्षात बसलो तेव्हा मात्र घराऐवजी शाळेचा पत्ता सांगितला. मुलीचं लग्न व्हायचं आहे, नोकरीची चार वर्षं राहिली आहेत, असं काय काय डोक्यात आलं. मी घाबरलो होतो, आणि घाबरलो की मी चिडतो. घरी आल्यावर मी चौकशी समिती नेमली. समितीत मी एकटाच होतो.

पहिला आरोपी हिंग. डबीवरची बारीक अक्षरं भिंग लावून वाचली तर त्यात चक्क गव्हाचं पीठ. मी हिंगाची डबी अशी बाहेर काढली जशी काही तिच्यात पाल सापडली आहे. बायकोला विचारलं, एवढी वर्षं आपण हे खातोय आणि तू एकदाही वाचलं नाहीस? तिने हिंग बंद केला. वरण कसनुसं लागायला लागलं, पण मी ते शौर्याने खाल्लं.

दुसरा आरोपी कोपऱ्यावरचा भजीवाला. त्याच्या कढईत कांदाभजी बेसनाची, पण त्याच तेलात मैद्याचे समोसेही. तेही सोडलं.

तिसरी गिरणी. आमच्या गल्लीच्या तोंडाला एका चाचांची गिरणी आहे. एकाचा गहू दळून झाला की त्याच जात्यात दुसऱ्याची ज्वारी पडते, म्हणजे पहिल्याचं पीठ दुसऱ्याच्या पोटात. मी चाचांना सांगितलं, माझी ज्वारी दळायच्या आधी जातं उघडून झाडून पुसून घ्यायचं. चाचांनी माझ्याकडे चष्म्यावरून पाहिलं. “साब, ये चक्की है, दवाखाना नक्को समझो.” पण माणूस दिलदार. शेवटी ठरलं की सोमवारी ते जातं उघडून साफ करतातच, त्यानंतर पहिला डबा माझा. मी त्यांचे आभार मानून निघालो तर मागून म्हणाले, भाभी दर महिन्याला दोन किलो गहू अलग दळून नेतात, आता घरात तो खातं कोण?

मी म्हटलं, पाहुणे येतात. आणि घरी आलो. वाटेत मला एकदाही असं वाटलं नाही की गेल्या सहा महिन्यांत आमच्याकडे पाहुणे आले किती.

समितीने पोळपाट बदलला, चहाची गाळणी बदलली, देवळातला प्रसाद नुसता कपाळाला लावायचं ठरवलं. प्रत्येक शोधानंतर मी बायकोला दोन शब्द सुनवायचो. ती ऐकून घ्यायची. भाकरीवर मात्र मी कधी संशय घेतला नाही. सोलापुरात राहून भाकरीवर कोण संशय घेतो?

रोज पहाटे सहाला मी बाईंच्या हुकमावरून फिरायला जायचो. तलावाला वळसा घालून सातला परत यायचो तोवर भाकरी झालेल्या असायच्या. एका शनिवारी कोपऱ्यावरच चपलेचा अंगठा तुटला. चपला हातात घेऊन अनवाणी परत फिरलो. दार नुसतं लोटलेलं होतं. पावलांचा आवाज नव्हता, म्हणून बायकोला मी आल्याचं कळलं नाही.

ती ओट्यापाशी उभी होती. समोर परात. डाळींच्या डब्यांमागून तिने एक लहान डबा काढला, त्यातलं मूठभर पीठ ज्वारीच्या पिठात टाकलं, वर कढत पाणी ओतलं आणि मळायला लागली. ते पीठ पिवळसर होतं. गेले कित्येक दिवस मी गव्हाचं पीठ शोधत हिंडत होतो, मला ते दहा फुटांवरून ओळखू आलं.

मी काय ओरडलो ते लिहायला लाज वाटते, पण लिहितो. मी म्हणालो, तू मला मारायला निघालीयस का?

ती दचकून वळली. तिला आधी मी घरात कसा हेच कळेना. मग मी डब्याकडे बोट केलं.

“मूठभरच घातलं की,” ती म्हणाली. “सगळ्याजणीच घालतात. त्यानं भाकरी मोडत न्हाय.”

मी म्हटलं, गहू बंद सांगितला होता ना?

“तुमी चपाती बंद म्हणालात. भाकरी चालू म्हणालात. मी सोता इचारलं तुमाला. हिंग बंद म्हणालात, त्यो बी केला. भाकरीचं काय बोलला न्हाय.”

मी कपाटाकडे गेलो. आता कागदच दाखवतो, असं मनात होतं. तीस वर्षं कार्यालयात हेच केलंय. वाद वाढला की फाईल आणायची, समोरचा गप्प होतो. ‘स्वतः – पोट’ काढली, पान उघडलं, आणि तिला कलम वाचून दाखवायला लागलो. सातवं कलम असं होतं की इतर धान्यांच्या पिठात चिकटपणासाठी किंवा लाटताना थापताना लावायला गव्हाचं पीठ वापरू नये, अगदी थोडंही नाही. स्वयंपाक करणाऱ्या व्यक्तीला हे नीट समजावून सांगावं.

त्या कलमासमोर समासात माझी सही होती. छोटी, नेटकी, तारखेसकट.

मी वाचायचा थांबलो. ती म्हणाली, पुढं वाचा की. मग मी ओट्याला टेकून दोन्ही कागद पहिल्यापासून शेवटपर्यंत तिला मराठीत सांगितले. सहा महिन्यांत पहिल्यांदाच. हिंगाचं दुसऱ्या पानावर होतं. तिथेही माझी सही होती.

तिच्या डोळ्यांत पाणी आलं. “म्हंजे रोज मीच घालत हुते,” ती म्हणाली. मी म्हटलं, तू नाही. पण ते पुरेसं नव्हतं हे मलाही कळत होतं. काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं, पण तुझ्या भाकरीला कशाला लागतो गहू? तुला तर कधीच लागला नाही.

तिने उजवा हात पदराखाली घेतला. मी तो बाहेर ओढला. पिठाने भरलेला होता तरी अंगठ्याचं बूड सुजलेलं दिसत होतं. मनगटाशी हाड वर आलं होतं. मी जरा दाबलं तर तिने हात झटकन मागे घेतला. ज्वारीचं पीठ चिकट होतं ते नुसत्या कढत पाण्याने नाही, तळहाताच्या टाचेने दाबून दाबून मळल्याने. तिला दाबता येत नव्हतं. मघाशी मी पाहिलं होतं, ती मनगट उचलून कोपरापासूनच्या हाताने पीठ रगडत होती. मी पाहिलं होतं, पण मला नुसता डबा दिसला होता.

मी विचारलं, केव्हापासून?

“दोन वर्षं झाली असतील.”

मग बोलली का नाहीस?

“घरात एक दुखणं बास की. तुमचं पोटाचं सांगून होईस्तोवर मला झोप लागायची.”

ती हे रागाने म्हणाली नाही. खरं होतं तेच सांगितलं. मला मात्र तोंड वर करवेना. दोन वर्षं मी तिला माझं पोट सकाळ-संध्याकाळ सांगत होतो आणि समोर बसून ती सुजलेल्या हाताने मला वाढत होती. मला वाईट वाटलं, खूप वाईट वाटलं, आणि ते मी तिला सांगितलं. ती म्हणाली, आता तोंड धुवा.

भाकरी बाहेरून आणायची सोय आमच्या गावात गल्लोगल्ली आहे. पण कोणत्या घरात कोण काय मूठभर घालतं, आता कोणाला विचारायचं? बायको म्हणाली, मी दाबून मळते, जमेल. मी म्हटलं, जमणार नाही. आणि ज्या माणसाने चोपन्न वर्षांत परात फक्त लग्नात पाय धुवायला पाहिली, तो माणूस म्हणाला, मला शिकव.

ती कबूल झाली. एकच अट घातली, अक्कांना सांगू नका.

दुसऱ्या दिवशी ती स्टुलावर बसली, हात मांडीवर ठेवले आणि शिकवायला लागली. मी आयुष्यात अनेक साहेब पाहिले, असा पाहिला नाही. पाणी उकळलेलंच पाहिजे. बोटं नाचवू नका, तळहात फिरवा. पीठ खाली पसरा, भाकरी चिकटेल. पाणी लवकर फिरवा, सुकली, गेली. माझी पहिली भाकरी तव्यावर पडता पडता तीन ठिकाणी मोडली. आता दारात म्हैसही नव्हती; त्या भाकरी मलाच दुधात कुस्करून खाव्या लागल्या. बोटांना चटके बसले. कार्यालयात विचारलं तर इस्त्री लागली म्हणून सांगितलं. एकदा दूधवाल्याने खिडकीतून मला थापताना पाहिलं आणि दुधाचं माप तसंच धरून उभा राहिला. दुसऱ्या दिवसापासून मी ती खिडकी लावून घ्यायला लागलो.

वीस-पंचवीस दिवसांनी एक भाकरी फुगली. पूर्ण नाही, एका बाजूने. बायको स्टुलावरून उठली आणि जवळ येऊन बघून गेली. त्या दिवशी तीच भाकरी तिने आपल्या ताटात घेतली.

मधल्या काळात तिलाही दाखवून आणलं. हाडांच्या डॉक्टरांनी मनगटाला पट्टा दिला, गरम पाण्याचा शेक सांगितला, आणि एक कागद. मी दवाखान्यातच बाकावर बसून तो कागद तिला एकेक ओळ करून वाचून दाखवला. शेजारचे लोकही ऐकत होते. मग घरी येऊन नवी फाईल केली: ‘सौ. – हात’. ती कपाटात नाही, स्वयंपाकघरात खिळ्याला लटकवली.

तीन महिन्यांनी रक्त सव्वाअकरा आलं. दुसरा आकडाही उतरला होता. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, गहू कुठे सापडला? मी सांगितलं. सगळं, सहीसकट. बाई पहिल्यांदाच माझ्यासमोर हसल्या. पुण्याला जायची गरज नाही म्हणाल्या. मी बाहेर येऊन बायकोला सांगितलं तेव्हा ती बाकावरून उठली आणि तिथल्या तिथे पुन्हा बसली.

त्याच आठवड्यात वेळ अमावस्या आली. आमच्या भागात त्या दिवशी सगळं घर रानात जेवतं. पोटरीला आलेल्या ज्वारीत कडब्याची कोप, म्हणजे खोपटं, उभारतात, पूजा करतात आणि मग तिथेच पंगत बसते. दरवर्षीप्रमाणे अक्काचा निरोप होता: रानात या, आणि येताना तुझ्या हातच्या वीस कडक भाकरी आण. निरोप अर्थात बायकोला होता. मी दोन दिवस खपून त्या वीस भाकरी केल्या. बायकोने पाच बाद केल्या, त्या पुन्हा केल्या.

रानात पंगत बसली. डाळी-भाज्यांची भज्जी, बाजरीचे उंडे, मडक्यात गार आंबील. माझ्या आतड्यासाठीच मांडल्यासारखं जेवण. फक्त हुग्गी, म्हणजे गव्हाची खीर, होती, ती मी पुढे सरकवली. अक्काने भाकरी घेतली, काठ मोडला, कडकन आवाज झाला. तिने घास घेतला आणि दाजींना, म्हणजे तिच्या नवऱ्याला, ऐकू जाईल असं म्हणाली, “डाक्टर कशाचा? माझ्या भावाला हिच्या हातानं उभा केलाय.”

मी मान खाली घालून चावत राहिलो. वचन दिलेलं होतं.

बायकोने ताटातला हात थांबवला. “अक्का, ही भाकरी माझी न्हाय. ह्यांनी थापलीया.”

दाजी हसले. त्यांना थट्टा वाटली. पण ती सांगतच राहिली. हात, मूठभर गहू, स्टूल, सगळं, भाजीची कृती सांगावी तसं सरळ. मला वाटलं, गेली, तीस वर्षांपूर्वीची पावती आता अक्का परत घेणार. अक्काने भाकरीचा तुकडा उलटापालटा करून बघितला. “काठ जाड हायत,” ती म्हणाली. मग बायकोकडे वळली. “किती वर्सं झाली हाताला?”

“दोन.”

“माजी चार,” अक्का म्हणाली, आणि तिने बोटं पुढे केली. पेरं गाठाळलेली होती, करंगळी बाजूला वळलेली. “मी बी घालते की मूठभर. तुला कसं सांगायचं? तुला तालुका म्हणून चिडवली मी.”

मला ते हवापालटाचे चार निर्धास्त दिवस आठवले. एरवी मी तिथल्या तिथे चौकशी समिती नेमली असती. पण त्या दोघी आता चादरीवर चारही हात शेजारी शेजारी ठेवून बघत होत्या. कोणतं बोट सकाळी मिटत नाही, थंडीत काय होतं, घागर उचलताना कुठे कळ येते. अधेमधे अक्का तिच्या सासरच्या कानडीत जायची, बायको मराठीत उत्तर द्यायची. सगळं आयुष्य मी त्या चार हातांचं खाल्लं होतं आणि त्यांतल्या एकाचंही दुखणं मला आपणहून दिसलं नव्हतं.

पेले रिकामे झाले होते. मी उठलो, मडक्यात डाव घातला आणि आंबील वाढायला लागलो. आमच्याकडे पुरुष पंगतीत वाढायला उठला की दोन्हीकडून बायका धावतात, तू बस, तू बस म्हणतात. मी अक्काचा पेला भरला, बायकोचा भरला. दोघींपैकी कोणीही मला बस म्हणालं नाही.